पद एकाचे, भार दोघांचा

नाशिक शहरात मुंबई–आग्रा महामार्गालगत, मुंबई नाका आणि पाथर्डी फाटा यांच्या दरम्यान इंदिरानगरची वसाहत पसरलेली आहे. शासकीय कार्यालयांतील अधिकारी, शिक्षक, बँकांतील कर्मचारी, अंबड व सातपूरच्या कारखान्यांतील तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक अशा नोकरदार कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. पहाटे येथील जॉगिंग ट्रॅकवर आणि जवळच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर अनेक जोडपी चालताना दिसतात. कोणी हौसेने येतात, कोणी डॉक्टरांनी बजावल्यामुळे येतात. ज्यांच्याकडे एखाद्या कार्यालयाची, शाळेची किंवा संस्थेची जबाबदारी आहे, त्यांच्या हातात चालतानाही भ्रमणध्वनी असतो आणि सोबत चालणारी व्यक्ती त्या संभाषणाच्या संपण्याची वाट पाहत असते.

नेतृत्वाचे पद म्हटले की मंत्री, जिल्हाधिकारी किंवा मोठ्या कारखान्याचा संचालक डोळ्यांसमोर येतो. परंतु ज्याच्या निर्णयावर इतरांचे काम अवलंबून असते आणि ज्याला त्या निर्णयाबद्दल उत्तर द्यावे लागते, तो प्रत्येकजण नेतृत्वाच्याच जागी असतो. तहसीलदार, गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापिका, सरपंच हे सर्व त्यात येतात. नाशिकसारख्या पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यात टंचाई, अतिवृष्टी, निवडणुका आणि कांद्याच्या भावावरून उसळणारा असंतोष यांचा भार त्यांच्यावर पडतो. दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ कुंभमेळा तर येथील प्रशासनाला कित्येक महिने अहोरात्र जागे ठेवतो.

या भाराची चर्चा होते ती बहुधा पदावरील व्यक्तीपुरती. तिच्या रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा हृदयविकाराची चिंता केली जाते. तिच्या घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या प्रकृतीची नोंद मात्र कोठेच होत नाही. सेवापुस्तकात आणि नामनिर्देशनाच्या नमुन्यात पती किंवा पत्नीचे नाव येते ते वारसदार म्हणून. नोकरीच्या काळात कामाचा काही भाग त्या व्यक्तीनेही वाहिलेला असतो, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात लिहिली जात नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील दोन सुप्रसिद्ध दांपत्यांच्या चरित्रांवरून हा प्रश्न चांगला समजतो. या दोन्ही दांपत्यांचा नाशिकशी संबंध आला होता.

न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. विद्यार्थिदशेतील अतिवाचनामुळे त्यांची दृष्टी अधू झाली होती. सरकारी न्यायखात्यात काम करीत असतानाच सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, औद्योगिक चळवळ अशा अनेक कार्यांचा भार त्यांनी उचलला. त्यांच्या हालचालींकडे सरकार संशयाने पाहत असे. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालील न्यायाधीश म्हणून त्यांना पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून सतत फिरतीवर राहावे लागले. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१८७३ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकविले. पुढे पतीला वर्तमानपत्रे व पत्रे वाचून दाखविणे, फिरतीवर त्यांच्याबरोबर जाणे, पाहुण्यांची व्यवस्था ठेवणे, त्यांच्या जेवणाखाण्याकडे आणि झोपेकडे लक्ष देणे ही सर्व कामे रमाबाईंनी केली. शिवाय त्यांच्या शिक्षणाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध होता, तोही त्यांनाच सोसावा लागला. पतीच्या सुधारणावादाची किंमत न्यायासनावर किंवा व्यासपीठावर नव्हे, तर माजघरात रमाबाईंकडून वसूल होत होती.

अखेरच्या काळात रानड्यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला भरलेल्या सामाजिक परिषदेस प्रकृतीमुळे त्यांना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या ग्रंथात पतीच्या शेवटच्या आजाराची हकिगत आली आहे. कर्तबगार पुरुषाच्या आजाराकडे त्याच्या शेजारी जागणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने पाहणारे मराठीतील आरंभीच्या लेखनांपैकी ते एक आहे.

त्या काळी वैद्यकाजवळ साधने फार थोडी होती. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीतील रिव्हा-रॉची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये पुढे आणले, आणि नळीने ध्वनी ऐकून दाब मोजण्याची आजची पद्धत रशियातील कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्यामुळे रानड्यांच्या पिढीतील माणसांना आपला रक्तदाब किती आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. आज ते उपकरण प्रत्येक उपकेंद्रात असते. तरीही उच्च रक्तदाब असलेल्या कित्येक व्यक्तींना त्याची जाणीव नसते, कारण आरंभी या विकाराची कोणतीही ठळक खूण शरीरावर दिसत नाही.

यशवंतराव आणि वेणूताई

रमाबाईंचे माहेर सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे होते. त्याच गावात १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. त्यांचा आणि फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताईंचा विवाह २ जून १९४२ रोजी झाला. दोनच महिन्यांनी ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाली आणि यशवंतराव भूमिगत झाले. जानेवारी १९४३ मध्ये, विवाहानंतरच्या पहिल्याच संक्रांतीच्या सुमारास, पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. पतीचा ठावठिकाणा मिळावा म्हणून पत्नीला कोठडीत ठेवण्यात आले होते. सुटकेनंतर त्यांची प्रकृती ढासळली. त्या आजारी असल्याचे कळल्यावर यशवंतराव त्यांना भेटावयास फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले. पुढे दीर्घकाळ वेणूताईंना प्रकृतीची साथ मिळाली नाही.

यशवंतरावांचे सार्वजनिक जीवन त्यानंतर अखंड जबाबदारीचे झाले. १९४६ मध्ये ते संसदीय चिटणीस, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावण्यात आले. संसदेचे सदस्यत्व आवश्यक होते, तेव्हा १९६३ मध्ये नाशिकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांच्याकडे आली. १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. प्रत्येक बदलाबरोबर घर बदलले, राहण्याची रीत बदलली, भेटणाऱ्यांची गर्दी वाढली. ते सर्व सांभाळण्याचे काम वेणूताईंनी प्रसिद्धीपासून दूर राहून केले. परदेश दौऱ्यांवर असताना यशवंतरावांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे ‘विदेश दर्शन’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दिवसभराच्या वाटाघाटींनंतर मोकळेपणाने बोलण्याची या नेत्याची जागा कोणती होती, हे त्या पत्रांवरून समजते.

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. त्यानंतर अठरा महिने पूर्ण होण्याच्या आतच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, यशवंतरावांचेही दिल्लीत देहावसान झाले. ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या मृत्यूचे कारण केवळ पत्नीवियोग होते, असे वैद्यकीय दृष्ट्या कोणी म्हणू शकणार नाही. एका दांपत्याच्या आयुष्यावरून नियम सिद्ध होत नसतो. परंतु असा अनुभव अनेक घरांतून येतो. शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे.

शास्त्र काय सांगते

ब्रिटनमधील ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांतील २१३ जण मरण पावले होते. त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या अपेक्षित मृत्युप्रमाणापेक्षा हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. २००६ मध्ये अमेरिकेतील ५,१८,२४० वृद्ध दांपत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराला रुग्णालयात दाखल करावे लागले तरीही दुसऱ्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. म्हणजे पती-पत्नींची प्रकृती ही दोन स्वतंत्र खाती नसून एकमेकांत गुंतलेली असते.

हे आपल्या देशालाही लागू पडते. अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारत या चार देशांतील मध्यमवयीन व वृद्ध दांपत्यांच्या रक्तदाबाची तुलना करणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील सुमारे २० टक्के दांपत्यांत पती व पत्नी दोघांनाही उच्च रक्तदाब असल्याचे त्यात दिसून आले. ज्या भारतीय स्त्रियांच्या पतींना उच्च रक्तदाब होता, त्यांना तो असण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा १९ टक्क्यांनी अधिक होती. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. एकाच स्वयंपाकघरातील मीठ दोघांच्या पानात पडते. एकाला उशीर झाला की दुसऱ्याचे जेवण लांबते. एकाची झोप मोडली की दुसऱ्याचीही मोडते. मनावरचा ताण तर दाराशी चपला काढताना बाहेर ठेवता येत नाही.

ताणाचे शरीरातील कार्य थोडक्यात असे सांगता येईल. संकटाची चाहूल लागताच शरीरात विशिष्ट द्रव्ये स्रवतात. त्यांच्यामुळे नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. धावण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही सिद्धता उपयोगी असते आणि संकट टळल्यावर शरीर पूर्ववत होते. कार्यालयातील संकट मात्र लवकर टळत नाही. चौकशी, न्यायालयीन प्रकरण, लेखापरीक्षणातील आक्षेप, सभेतील अविश्वासाचा ठराव या गोष्टी महिनोन्महिने चालतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे शरीर तितके महिने धावण्याच्या तयारीत राहते. झोप उडणे, अपचन, चिडचिड, डोकेदुखी ही आरंभीची लक्षणे होत. पुढे त्यातून रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांना वाट मिळते.

कामाच्या तासांचाही हिशेब झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामामुळे जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

तथापि ‘मोठे पद म्हणजे मोठा रोग’ असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. लंडनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. उच्चपदस्थांना हृदयविकार अधिक होत असावा, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात शिपाई आणि द्वारपाल यांसारख्या सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी घेण्यात आले. आपल्या कामावर आपले नियंत्रण कमी असणे, हे हृदयविकाराशी निगडित असलेले एक महत्त्वाचे कारण त्यातून पुढे आले. मागणी मोठी, पण अधिकार थोडा अशी स्थिती सर्वांत घातक असते.

हा निष्कर्ष आपल्याकडील मधल्या फळीने लक्षात घेण्याजोगा आहे. मुख्याध्यापकावर शाळेची, पोषण आहाराची, ऑनलाइन माहिती भरण्याची आणि प्रसंगी मतदार याद्यांच्या कामाची जबाबदारी असते. शिक्षक किती मिळावेत, हे मात्र त्याच्या हाती नसते. पाणी आले नाही तर लोक सरपंचाला विचारतात, पण योजनेचे अंदाजपत्रक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात अडलेले असते. आणि हेच सूत्र घरातील जोडीदाराला सर्वाधिक लागू पडते. बदली कोठे होणार, आज जेवायला किती माणसे येणार, सुटी मिळणार की नाही, यांतील काहीही त्या व्यक्तीच्या हाती नसते. त्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम मात्र तिलाच निस्तरावा लागतो.

घरातील दुसरी व्यक्ती

अधिकाऱ्याच्या दारावरची घंटा वाजते. ‘साहेब आहेत का?’ असे विचारले जाते. साहेब दौऱ्यावर असतात. उत्तर देणे, निरोप लिहून घेणे, चिडलेल्या माणसाला पाणी देऊन शांत करणे हे काम त्यांच्या पत्नीला करावे लागते. सरपंचाच्या घरी तर कार्यालयाची वेळच नसते. ओटा हीच कचेरी असते आणि चुलीवरचे चहाचे आधण उतरत नाही. वृत्तपत्रात पतीविरुद्ध मजकूर आला की शेजारणींच्या नजरा पत्नीला झेलाव्या लागतात, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात.

अशा घरांत एक गोष्ट वारंवार आढळते. पतीच्या गोळ्यांच्या वेळा पत्नीला तोंडपाठ असतात. त्याच्या तपासणीचे कागद ती नीट लावून ठेवते. तिची स्वतःची तपासणी मात्र राहून जाते. थकवा आला तर वयावर ढकलला जातो, चक्कर आली तर उपवासावर. दोघे नोकरी करणारे असतील तर प्रश्न अधिक बिकट होतो. नाशिकमध्ये एक जण कार्यालयात आणि दुसरा पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील शाळेवर, असे असेल तर त्या जोडप्याचे दिवसातील कित्येक तास घाटरस्त्यावरच संपतात.

पदावर स्त्री असेल तेव्हा

१९९२ मधील ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्य संस्थांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यामुळे आज राज्यातील असंख्य घरांत पद पत्नीकडे आणि आधार देण्याची भूमिका पतीकडे आली आहे. ही भूमिका पुरुषांना परंपरेने शिकविलेली नाही. काही पती सभेत पत्नीच्या खुर्चीवर जाऊन बसतात. काही जण ‘पद तिचे आहे, तिने पाहावे’ असे म्हणून हात झटकतात. घरकाम मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत तिचेच राहते.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. म्हणजे ग्रामसभेतील वादळ शमवून आलेल्या सरपंचताईंच्या वाट्याला घरी सुमारे पाच तासांचे दुसरे काम ठेवलेलेच असते. ही अडचण केवळ आपल्या समाजाची नाही. स्वीडनसारख्या समतेच्या दृष्टीने पुढारलेल्या देशातील एक संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. महापौर किंवा संसद सदस्य म्हणून निवडून आलेल्या स्त्रियांत घटस्फोटाचे प्रमाण जवळजवळ दुपटीने वाढते, पुरुषांत मात्र अशी वाढ होत नाही, असे त्यात दिसून आले. पत्नीच्या पदोन्नतीला घराची घडी जुळवून घेत नसेल, तर त्याची किंमत दोघांनाही द्यावी लागते.

या बाबतीत रानडे दांपत्याचे उदाहरण पुन्हा पाहण्याजोगे आहे. रानड्यांनी पत्नीला केवळ सेवेची मानकरी न ठेवता विचारांची भागीदार केले. पतीनिधनानंतर रमाबाईंनी मुंबई व पुणे येथील सेवासदनाच्या कार्याला वाहून घेतले आणि १९२४ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या समाजकार्यात राहिल्या. ज्या घरात दोघांनाही आपापले कार्य, आपापला मान आणि निर्णयात वाटा असतो, तेथे एकाचे पद दुसऱ्याला नुसते ओझे वाटत नाही.

उपाय कोठे शोधावे

या प्रश्नावर ‘पत्नीने समजून घ्यावे’ किंवा ‘अधिकाऱ्याने योगासने करावीत’ एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. योगासने आणि समजूतदारपणा यांचा उपयोग निश्चितच आहे. परंतु ताण जर कामाच्या रचनेतून निर्माण होत असेल, तर उपायाचा आरंभही त्या रचनेपासून व्हावयास हवा.

राज्य शासनाने काही पावले यापूर्वीच उचलली आहेत. शासकीय कार्यालयांसाठी २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शाळा व अत्यावश्यक सेवा त्यात नाहीत. बदल्यांचे विनियमन करणारा अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरला. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा विचार होतो. २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ती घेता येते. जोडीदाराच्या आजाराचा कामाशी संबंध आहे, हे नियमाने मान्य केल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

कार्यालयप्रमुखांच्या हाती असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. शनिवार-रविवारी आढावा बैठक न ठेवणे, रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर ‘तातडीने माहिती सादर करावी’ असे संदेश न टाकणे, खरी तातडी आणि सवयीची तातडी यांत फरक करणे, हाताखालच्यांना निर्णयाचे अधिकार देणे आणि त्यांची रजा मंजूर करताना उपकाराची भाषा न वापरणे यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. व्हाइटहॉलचा धडा येथे आठवावा. अधिकार वाटून दिल्याने प्रमुखाचा भार हलका होतो आणि हाताखालच्या माणसाच्या हाती त्याच्या कामाचे थोडे नियंत्रण येते. दोघांच्याही घरी त्याचा लाभ पोहोचतो.

ग्रामपंचायतीत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्य यांनी लोकांना भेटण्याची वेळ आणि जागा ठरवून फलकावर लिहावी. आग, अपघात, आजारपण सोडून इतर काम ठरलेल्या वेळी कार्यालयातच होईल, असे ग्रामसभेत सांगावे. पहिले काही दिवस कुरकुर होईल. पुढे लोकांनाही नेमक्या वेळी माणूस भेटण्याची सोय अधिक पसंत पडेल. उपसरपंच व सदस्यांकडे पाणी, शाळा, आरोग्य असे विषय नेमून दिल्यास प्रत्येक तक्रार एकाच ओट्यावर येणार नाही.

घरातही काही नियम दोघांनी मिळून करावेत. दिवसातील एक जेवण भ्रमणध्वनी बाजूला ठेवून एकत्र घ्यावे. आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, भरभर चालावे. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या, आत ठेवावे. पापड, लोणची, फरसाण आणि बैठकीतील वेफर यांतील मीठही त्यात धरावे. झोपेतील घट रविवारी भरून निघते, अशा समजुतीवर विसंबू नये. कार्यालयातील कटकट जोडीदाराला सांगावी, पण त्याचीही कटकट तितक्याच शांतपणे ऐकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी दोघांनी एकाच दिवशी करून घ्यावी. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषासाठी रक्तदाब, मधुमेह व काही प्रकारचे कर्करोग यांची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य होते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला तर वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि सुरू झालेले औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नये. एकाला विकार निघाला, तर दुसऱ्यालाही तो असण्याचा संभव अधिक आहे असे समजून त्याची तपासणी अवश्य करावी. मनाची अस्वस्थता, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पदावरील माणसाने मदत मागणे हा कमीपणा नाही. ज्याच्यावर अनेकांचे काम अवलंबून असते, त्याने तर ती वेळीच मागितली पाहिजे.

यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. वेणूताईंचे स्मारक कराडला आहे. लोकसेवेच्या एकाच आयुष्यक्रमातील दोघांच्या या दोन खुणा आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याच्या, मुख्याध्यापिकेच्या आणि सरपंचाच्या घरात अशीच एक दुसरी व्यक्ती असते. तिचे स्मारक पुढे होवो न होवो, तिचा रक्तदाब आज मोजला जाणे अधिक अगत्याचे आहे. आरोग्य शिबिराचे पत्रक काढताना कार्यालयप्रमुखांनी ‘कर्मचारी’ या शब्दापुढे ‘व त्यांचे जोडीदार’ एवढे शब्द वाढविले, तरी या कामाचा आरंभ होईल.